सणाचा फ्लेक्स आणि विहिरीचे खारे पाणी

माननीय बिशप महोदय,
वसई धर्मप्रांत.



हे पत्र पाकिटात घालून बिशप हाउसच्या दारात देता आले असते. पण यातला मजकूर केवळ तुमच्या-माझ्यातला नाही. निम्मा तुम्हाला उद्देशून आहे, निम्मा धर्मग्राम परिषदांवर बसून चहा पिणाऱ्या आमच्यासारख्यांना, आणि थोडासा त्या शेजाऱ्यांना, जे चर्चमध्ये कधी पाऊल टाकत नाहीत पण आमची घंटा रोज ऐकतात. म्हणून ते उघड लिहितो आहे.

आमच्या भागातल्या एका धर्मग्रामाच्या सणाला मी गेलो होतो. कुठला धर्मग्राम ते सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने तो कुठलाही असू शकतो. फाटकावर भलामोठा फ्लेक्स होता. मधोमध एका वर्तुळात आश्रयदाता संत आणि भोवती हात जोडून उभे असलेले महापालिकेचे इच्छुक उमेदवार. संताचा चेहरा उमेदवारांच्या चेहऱ्यांहून लहान होता. खालच्या पट्टीवर 'सौजन्य' म्हणून एका बिल्डरचे नाव आणि मोबाइल नंबर. नऊ दिवसांच्या नोव्हेनाचे विषय बाजूच्या फळ्यावर लावले होते, त्यात एका संध्याकाळचा विषय होता 'निसर्ग आणि ख्रिस्ती जबाबदारी'. ज्याच्या खर्चाने तो फ्लेक्स लागला त्याच्या इमारतीखाली एक बावखल, म्हणजे पावसाचे पाणी मुरायची जुनी जागा, गाडलेले आहे, हे त्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. प्रवचन चांगले झाले. लोकांनी मान डोलावली. मग भाकऱ्या आणि इंदियाल खाऊन सगळे घरी गेले.

मला राग आला तो फ्लेक्सचा नाही. फ्लेक्स आज सगळेच लावतात. गणपतीत लावतात, उरुसात लावतात, दहावीला पंचाहत्तर टक्के मिळाले तरी लावतात. आपण या समाजात राहतो, त्याचे वारे आपल्याला लागणारच. प्रश्न असा आहे की काळाकडून आपण नेमके काय उचलतो आणि काय तिथेच सोडून देतो. वसईच्या ख्रिस्तसभेचा याबाबतीतला जुना हिशेब फार चांगला आहे. तो आठवला की आजचा डोळ्यांत खुपतो.

१९१८ साल घ्या. पहिले महायुद्ध संपत आलेले, सहकाराचा कायदा देशात येऊन दीड दशकही झालेले नव्हते. पापडीत त्या वर्षी एका धर्मगुरूंच्या पुढाकाराने बेसिन कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली. आज तिला आपण बेसिन कॅथॉलिक बँक म्हणतो. केळी, पानवेली आणि भाजी पिकवणारा शेतकरी पेरणीपासून लग्नापर्यंत सावकाराच्या वहीत अडकलेला असे. त्याला सोडवायचे तर नुसती प्रार्थना पुरणार नाही, कर्जाचा वेगळा दरवाजा उघडावा लागेल, हे तेव्हाच्या मंडळींना कळले. सहकार ही त्या काळातली अगदी नवी, परदेशातून आलेली कल्पना. 'हे जगाचे काम, आपले नाही' असे म्हणून त्यांनी ती बाजूला सारली नाही. वेदीपासून चार पावलांवर त्यांनी हिशेबाची वही उघडली.

पुढे दुसरी व्हॅटिकन परिषद आली, १९६२ ते १९६५. लॅटिन जाऊन मिस्सा मराठीत आली. ज्यांचे आजोबा न समजणाऱ्या शब्दांना 'आमेन' म्हणत होते, ते नातू मराठीत गायला लागले. 'सुवार्ता' मासिक त्याच्या आधीपासून निघत होतेच. १९८३ मध्ये ते फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हाती आले आणि जवळजवळ पाव शतक त्यांच्याकडे राहिले. चर्चच्या मासिकात दुष्काळ, दलित साहित्य, इस्राएलचे वाळवंट आणि वसईच्या विहिरी एका अंकात येऊ लागल्या. ते मासिक हिंदू घरांतही वाचले जाई. नेमाने पंढरीला जाणाऱ्या माझ्या एका शिक्षक मित्राच्या घरी 'सुवार्ता'चे जुने अंक दिवाळी अंकांच्या चळतीत ठेवलेले असत.

आणि मग हरित वसई. ऐंशीचे दशक सरत होते. वसईचा हरितपट्टा बांधकामाला मोकळा करण्याचा घाट घातला गेला, आणि १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाची सूत्रे सिडकोकडे गेली. त्या काळात वसईत गुंडगिरी कशी होती हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून पटणार नाही. लोक संध्याकाळी दार लावून घेत. जमिनीबद्दल बोलणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. तेव्हा झग्यातला एक धर्मगुरू, हेच फादर दिब्रिटो, रस्त्यावर उतरला, त्याच्या मागे हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि त्या समितीत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, सामवेदी ब्राह्मण होते, वाडवळ होते, शिक्षक, वकील, पानवाले होते. फादरनी मोर्चात बायबल वाचले नाही. पाण्याची पातळी, चटईक्षेत्र, विकास आराखडा असले शब्द ते बोलत. शेतातल्या बायका ते शब्द पाठ करून सभेला येत.

पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचे परिपत्र २०१५ मध्ये निघाले. त्यात पाणी, जमीन आणि गरिबाचे रडणे एकच आहे असे सांगितले, तेव्हा जगभर त्याचे कौतुक झाले. वसईने ती गोष्ट पंचवीस वर्षे आधी रस्त्यावर करून दाखवली होती. रोमने नंतर लिहिले ते आपण आधी जगलो, एवढा अभिमान मला बाळगू द्या.

महोदय, या तिन्ही वेळी ख्रिस्तसभेने आधुनिक जगाचे काहीतरी घेतले: बँक, मासिक, जनआंदोलन. घेतले ते स्वतःच्या सोयीसाठी नाही, तालुक्याच्या गरजेसाठी. आज आपण काय घेतो आहोत?

पडदा घेतला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चर्चची दारे बंद झाली आणि मिस्सा मोबाइलवर आली. ते तेव्हा योग्यच होते. आजही खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आणि आखातात कामाला गेलेल्या मुलांना तिचा आधार आहे. ती बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण कॅमेरा आला तो एकटा आला नाही. वेदीच्या मागे एलईडी भिंत आली, गायनमंडळाला कानात घालायचे मॉनिटर आले, आणि हळूहळू आपण बघणारे झालो. आवडले तर अंगठा, नाही आवडले तर पुढच्या धर्मग्रामाची मिस्सा. 'त्या फादरचे प्रवचन छान असते, वीस मिनिटांत संपवतात' असे आपण आता म्हणतो, जसे हॉटेलबद्दल म्हणावे. प्रवचनेही त्यामुळे बदलली आहेत. पूर्वी प्रवचन ऐकून अपराधी वाटे, आता उमेद वाटते. ताणतणाव कसा हाताळावा, स्वतःवर प्रेम कसे करावे, अपयशाकडे कसे बघावे. वाईट नाही. फक्त हे सगळे कंपनीच्या प्रशिक्षणातही मिळते, तेही दुपारच्या जेवणासकट. शेजारच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या प्रार्थनासभांकडे आपली पोरे जातात म्हणून आपण त्यांच्यासारखे व्हायला बघतो. त्या सभा कीबोर्ड आपल्यापेक्षा बरा वाजवतात. ती शर्यत आपण हरणारच.

लग्नांचे तर विचारूच नका. दोन पिढ्यांपूर्वी आपल्या सामवेदी आणि वाडवळ लग्नांत आख्खी आळी राबत असे. मांडव घालणे, कांदे चिरणे, भाकऱ्या थापणे, सगळे शेजाऱ्यांच्या हातचे. आज इव्हेंटवाला येतो. प्री-वेडिंगचे शूटिंग किल्ल्यात होते, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी सर केलेल्या त्याच भिंतींपुढे, उधार आणलेल्या गाऊनमध्ये. मिस्सेच्या वेळी फोटोग्राफर वेदीच्या पायरीवर चढतो. एका लग्नात मी पाहिले: फादर आणाभाका वदवून घेत होते, आणि कॅमेऱ्यावाल्याने वराला हाताने खूण केली की पुन्हा एकदा म्हण, डावीकडे वळून. वराने म्हटले. फादर थांबले, त्यांनी चष्मा सारखा केला, आणि पुढे गेले. देवासमोर घेतलेली शपथ रीटेक झाली आणि कोणालाच काही वाटले नाही. रात्री डीजे, आणि दारूचा टेबल पाहुण्यांच्या प्रतिष्ठेप्रमाणे दोन ठिकाणी. हा खर्च येतो कुठून? पगारातून येत नाही. वाडीचा एक तुकडा जातो, किंवा कर्ज निघते. ज्या कर्जातून शेतकऱ्याला सोडवायला शंभर वर्षांपूर्वी पापडीत वही उघडली, त्याच फेऱ्यात त्याचा पणतू स्वतःहून, सूट घालून, शिरतो आहे.

ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आधी 'उंबराचे पाणी' आणायला बायका अजून वाजतगाजत विहिरीवर जातात. प्रथा टिकली याचा आनंद आहे. पण ज्या विहिरीवर जातात तिचे पाणी तोंडात घालून बघा.

इथे थोडा थांबतो, कारण माझ्या सगळ्या लिहिण्याचे मूळ या पाण्यात आहे.

वसईच्या पश्चिमपट्टीची शेती बावखलांवर उभी होती. तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्या शहरी मंडळींसाठी सांगतो: वाडीच्या सखल बाजूला खणलेला मोठा खोल खड्डा म्हणजे बावखल. पावसाळ्याचे पाणी त्यात उतरते, वर्षभर हळूहळू झिरपते, आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र दोन-तीन किलोमीटरवर आहे. जमिनीखाली गोडे पाणी भरलेले असले की खारे पाणी आत सरकत नाही. गोडे उपसले की खारे त्याची जागा घेते, इतका सरळ व्यवहार आहे. बावखलात म्हशी डुंबत, मुले पोहायला शिकत, काठावर उंबर असे, आणि उन्हाळ्यात पाणी आटले की घरापुरती मासळी मिळे. कागदोपत्री ती बहुतेकदा 'पड जागा'. म्हणून बुजवायला सोपी. डंपर येतो, डेब्रिज पडते, वर लाल माती, आणि पुढच्या वर्षी त्यावर 'चर्चपासून पाच मिनिटांवर' अशी जाहिरात असलेली इमारत.

दुसरीकडून टँकर. नालासोपारा, वसई रोड, विरारच्या इमारती नळाआधी उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. त्यानंतर ती किती वाढली हे लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला विचारावे. सूर्या धरणाचे पाणी आले, पण माणसे त्याहून लवकर आली. मधली तूट टँकरने भरली, आणि टँकर भरले ते आपल्या वाड्यांतल्या विहिरींवर. पहाटे चारला डिझेल पंपाचा आवाज सुरू होतो. चार इंची पाइप, चिखलाने भरलेली गल्ली, हॉर्न न वाजवता मागे येणारी गाडी. पहिल्या मिस्सेची घंटा वाजेपर्यंत काही फेऱ्या झालेल्या असतात. केळीच्या पानाच्या कडा करपायला लागतात तेव्हा शेतकऱ्याला कळते की मीठ आले. पानवेल तर त्याआधीच मान टाकते.

आता जे आपण चारचौघांत बोलत नाही ते लिहितो. ते पाणी विकणारे सगळे बाहेरचे नाहीत. बावखल बुजवून देणारे सगळे बाहेरचे नाहीत. सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत ती बाप्तिस्म्याच्या वहीतही आहेत. डिमेलो, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज. आपलीच माणसे. त्यांतले काही पहिल्या बाकावर बसतात आणि सणाला मोठी देणगी देतात. चर्च त्यांना काही म्हणत नाही, कारण चर्चला छप्पर बदलायचे आहे. विकणाऱ्यालाही मी सरसकट दोषी धरणार नाही; केळीच्या घडाला येणारा भाव आणि एका फ्लॅटची किंमत यांची तुलना करून ज्याची झोप उडाली नाही असा शेतकरी वसईत शोधून सापडायचा नाही. पण हे चर्चच्या आत बोलले जायला हवे होते. फादर दिब्रिटोंच्या पिढीने बाहेरच्या गुंडाला तोंड दिले. आतल्या माणसाला 'तू हे करू नकोस' म्हणण्याची वेळ आपल्या पिढीवर आली, आणि आपण एलईडी भिंत लावून घेतली.

जुलै २०१८ मध्ये पावसाने वसई-विरार बुडवले. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागराच्या वस्तीतली माणसे अडकून पडली. त्या दिवसांत अनेक चर्चची सभागृहे उघडली, जेवणाची पाकिटे वाटली गेली. आपल्या तरुणांनी गळ्याइतक्या पाण्यात जाऊन लोकांना बाहेर काढले. संकटात धावून जाणे आपल्याला उत्तम जमते, याबद्दल दुमत नाही. पाणी मुरायच्या जागा आपण विकल्या म्हणून ते घरात आले, हे मात्र नंतरच्या कुठल्याच रविवारी मी ऐकले नाही. मदतीला फोटो असतो. कारणाला नसतो.

काही तरुण आता बावखले शोधून साफ करताहेत, गाळ काढताहेत, काठावर झाडे लावताहेत. चर्चच्या संस्थांतून आलेले आहेत, तसे कुठल्याच संस्थेतले नसलेलेही. रविवारी मिस्सेनंतर घमेली उचलणारी ही पोरे म्हणजे माझ्या मते आजच्या वसईतली सर्वांत चांगली प्रार्थना. त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल देऊ नका. त्यांना जेसीबीचे भाडे द्या.

शाळांबद्दल थोडक्यात. वसईत शिक्षण पोहोचवण्यात चर्चच्या मराठी शाळांचा वाटा किती मोठा आहे हे बिगरख्रिस्ती लोकच जास्त सांगतात. आता इंग्रजी माध्यमाच्या फाटकावर रांग आणि मराठी तुकडीत बाके रिकामी. पालकांनाच ते हवे आहे, माझ्याही घरात वेगळे काही झाले नाही. पण एक पाहा: मराठी तुकडीत आज कोण उरले आहे? पूर्वपट्टीतून आलेली वारली, काथोडी मुले, मोलकरणींची मुले, रिक्षावाल्यांची मुले. म्हणजे ज्यांच्यासाठी मिशनऱ्यांनी शाळा काढल्या तेच. तिथे चांगले शिक्षक ठेवणे हे आता धंद्याच्या दृष्टीने परवडत नाही, आणि म्हणूनच ते चर्चचे काम आहे.

पूर्वपट्टी म्हटली की रेल्वे आठवते. आपला धर्मप्रांत मनाने अजून रुळांच्या पश्चिमेला राहतो. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून याच तालुक्यात वेठबिगार आदिवासींना सोडवले. चर्चपासून काही मैलांवर माणसे गुलामीत होती आणि ती मुख्यतः इतरांनी सोडवली. आज वीटभट्ट्या आहेत, आणि नालासोपाऱ्यात दहा बाय बाराच्या खोल्या आहेत, ज्यांत उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, कोकणातली कुटुंबे भाड्याने राहतात आणि अनधिकृत इमारत पाडायला बुलडोझर आला की रातोरात रस्त्यावर येतात. त्यांनाच आपण 'भैये आले, गर्दी झाली' म्हणतो. हरितपट्टा वाचवायचा आणि त्यांना शिव्या द्यायच्या, हे एकत्र चालणार नाही. ज्याने टँकरचे पाणी विकत घेतले तो आपल्यापेक्षा तहानलेला होता. आणि दुरावा फक्त रुळांपलीकडच्या माणसांशीच आहे असेही नाही. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदरच्या आपल्या कोळी बांधवांना वाढवण बंदराची धास्ती आहे. ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प डहाणूजवळच्या समुद्रात होतो आहे आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षे त्याविरुद्ध उभे आहेत. त्यांचा प्रश्न फक्त कोळीवाड्यातल्या धर्मग्रामाचा नाही. शेती करणाऱ्या आणि मासळी मारणाऱ्या ख्रिस्ती माणसांत आजही सहसा सोयरीक होत नाही, हे त्या दुराव्यामागचे खरे कारण असेल का, याचा विचार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त केला असेल.

तुमच्यासमोर अडचणी नाहीत असे नाही. परदेशी देणग्यांचे नियम २०२० मध्ये आवळले गेले. धर्मांतराचा आरोप कुठल्याही वसतिगृहावर, कुठल्याही प्रार्थनासभेवर केव्हाही होऊ शकतो. फादर दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले तेव्हा केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून किती गदारोळ झाला, धमक्यांचे फोन आले. जानेवारी २०२० मध्ये आजारी शरीराने ते उस्मानाबादच्या त्या संमेलनाला गेले आणि बोलले. झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य घालवलेले जेझुइट फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात वारले, जामीन न मिळता. हे पाहून एखाद्या बिशपने आवाज खाली ठेवला तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण फ्लेक्सवरच्या माणसाला 'नको' म्हणायला दिल्लीची भीती आड येत नाही. विहिरीवरच्या पंपाबद्दल प्रवचन द्यायला परदेशी देणगी लागत नाही. भीतीच्या नावाखाली आपण जे टाळतो, त्यातले बरेचसे प्रत्यक्षात संकोचामुळे टाळतो.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

आपल्या धर्मग्रामांच्या, ट्रस्टांच्या आणि संस्थांच्या नावे जी जमीन आहे, तिची यादी जाहीर करा: सर्व्हे नंबर, क्षेत्र, सध्याचा वापर. त्यातली किती शेतीखाली आहे, किती बावखले आहेत, ती कोणत्या अवस्थेत आहेत, हे लोकांना कळू द्या. मग एक निर्णय घ्या की यातले एकही बावखल बुजणार नाही आणि चर्चच्या एकाही विहिरीवर टँकर भरणार नाही. आधी आपल्या अंगणात केले की दुसऱ्याच्या वाडीबद्दल बोलायला तोंड राहते. सण, लग्न आणि प्रथम ख्रिस्तशरीर या प्रसंगी चर्चच्या आवारात कोणत्याही पक्षाचा किंवा बिल्डरचा फलक लागणार नाही, एवढे परिपत्रक काढायला एक कागद पुरतो. धर्मग्राम परिषदांवर बायकांची संख्या निम्मी करा, आणि त्यांना फुलांच्या सजावटीच्या समितीवर नाही, वित्त समितीवर घ्या. ऑक्टोबर २०२३ च्या बिशपांच्या सिनॉडमध्ये खुद्द रोममध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. वसईची बाई तर पूर्वापार फुलांची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाऊन पैशाचा व्यवहार करत आली आहे, तिला ताळेबंद शिकवायला नको.

आणि हिशेब. दारात क्यूआर कोड आला, दानपेटीत आता स्कॅन करून पैसे पडतात, मोबाइलवर क्षणात पावती येते. काळाची ती सोय आपण झटकन घेतली. त्याच काळाची दुसरी रीत, पैसे देणाऱ्याला ते कुठे गेले हे विचारण्याचा हक्क असतो, ती मात्र दाराबाहेर राहिली. यात बंडखोरी काही नाही. चर्चच्याच १९८३ च्या कॅनन कायद्याचा ५३७ वा नियम प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती सक्तीची करतो, आणि १२८७ वा नियम सांगतो की श्रद्धावंतांनी जे दिले त्याचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा. काही धर्मग्राम तो देतात. सगळ्यांनी द्यावा, आणि त्यात एक रकाना वेगळा असावा: आपल्या भिंतीबाहेरच्या माणसांवर किती खर्च झाला. सजावट, रोषणाई आणि ध्वनियंत्रणेच्या रकान्याशेजारी तो छापला की आधुनिक संस्कृतीने आपल्याला काय बनवले याची चर्चा करायला वेगळा परिसंवाद लागणार नाही.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. एप्रिलच्या एका रविवारी तो कागद प्रत्येक चर्चच्या दारावर लागला पाहिजे, असा आदेश द्यायला तुम्हाला कुणाला विचारावे लागत नाही. तेवढा द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
पश्चिमपट्टीतला एक धर्मग्रामवासी